सर्व्हे झाला, रिपोर्ट झाला, आता सांगायचं कोणाला आणि कसं? मूल्यमापनाचे निष्कर्ष गावात परत नेताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं मराठवाड्यात सर्व्हे, एफजीडी (गटचर्चा), बेसलाइन-एंडलाइन (प्रोजेक्टच्या आधीची आणि नंतरची पाहणी) असली कामं करतेय. टीममध्ये नवी पोरं-पोरी आली की तेच तेच प्रश्न येतात आणि मी दरवेळी चहाच्या टपरीवर उभी राहून तीच तीच उत्तरं देते, म्हणून एकदाचं टाइप करून ठेवलंय. उदाहरणं जास्त करून ऊसतोडीची आहेत कारण ती मला जवळून माहितीयेत. तुमचं काम पाण्यावर असेल, बचत गटांवर असेल, तर तिथलं बसवून घ्या.

टीओआरमध्ये (काम काय आणि कसं करायचं ते ठरवणाऱ्या कागदात) लिहिलेलं असतं "निष्कर्ष जेंडर सेन्सिटिव्ह पद्धतीने शेअर करावेत". म्हणजे नक्की करायचं काय?

खरं सांगू का, ती ओळ निम्म्या वेळा मागच्या टीओआरमधून उचललेली असते, लिहिणाऱ्यालाही विचारू नका. मी माझ्यापुरता एकच प्रश्न ठेवलाय: हे वाक्य गावात मोठ्यानं वाचलं तर संध्याकाळी घरी कोणाला जाब द्यावा लागेल? बहुतेक वेळा उत्तर येतं, ज्या बाईनं आपल्याला माहिती दिली तिलाच. मग ते वाक्य तसंच वाचायचं नाही. पण म्हणून ते गाळून टाकायचं असंही नाही, कारण माहिती तिची आहे, तिला कळलीच पाहिजे. तिच्यापर्यंत पोचवायचं आणि तिला अडकवायचं नाही, ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, सगळी कटकट तिथेच आहे. खालचे सगळे प्रश्न त्या कटकटीचेच समजा.

रिपोर्ट डोनरला गेला, प्रेझेंटेशन झालं. परत गावात जायची खरंच गरज आहे का?

आहे. आणि रिपोर्ट फायनल व्हायच्या आधी जा, नंतर नाही. ह्यामागे माझीच एक फजिती आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या एका सर्व्हेत आम्ही विचारलं होतं, "पाळीच्या दिवसांत सुट्टी मिळते का?" बऱ्याच बायकांनी "हो, मिळती की" असं सांगितलं. आम्ही खूश, ड्राफ्टमध्ये छान वाक्य टाकलं की परिस्थिती सुधारतेय वगैरे. ड्राफ्ट घेऊन गावात गेलो, अंगणवाडीच्या व्हरांड्यात पंधरा-सोळा जणी बसल्या होत्या, मी ते वाक्य वाचलं आणि सगळ्या हसायलाच लागल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं सुट्टी मिळती, पण भरून द्यावी लागती." म्हणजे खाडा. एक दिवस कामावर गेलं नाही की मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) त्या दिवसाचा दंड उचलीतून (आधी घेतलेल्या पैशाच्या हिशोबातून) धरतो, पाचशे रुपये म्हणा, जास्तसुद्धा. मजुरी बुडते ती वेगळीच. आम्ही ज्याला सुट्टी लिहिलं होतं ती त्यांच्या हिशोबात उधारी होती. उत्तर बरोबर, प्रश्न आमचा चुकलेला, आणि निष्कर्ष अख्खा उलटा. ती मीटिंग झाली नसती तर ते वाक्य छापून गेलं असतं आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी "पाळीच्या सुट्टीचा प्रश्न सुटलाय" म्हणून तो विषयच काढून टाकला असता.

आम्ही मीटिंग ठेवतो, दवंडी देतो, मेसेज टाकतो, पण बायका येतच नाहीत. मग काय करायचं?

कधी ठेवता? कुठे ठेवता? बोलवायला कोण जातं? ही तीन उत्तरं दिलीत की कारण तुमचं तुम्हालाच सापडेल.

आधी वेळ. २०१९ च्या देशपातळीवरच्या टाइम यूज सर्व्हेत निघालं होतं की घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि हे तिच्या मजुरीच्या वर. आपण अकराची मीटिंग ठेवतो कारण आपली गाडी दहाला निघते. अकराला ती खुरपायला गेलेली असते. पाचला ठेवली तर सरपण, पाणी, चूल. मला बऱ्याच गावात दुपारची दोन ते साडेतीन ही वेळ लागू पडली, काही ठिकाणी रात्री जेवणं झाल्यावर, पण मग परत यायचं कसं ते आधी बघा (शेवटचा प्रश्न वाचा). आणि वेळ बचत गटाच्या ताईला विचारून ठरवा, ग्रामसेवकाला विचारून नाही.

मग महिना. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. डोनरचं वर्ष मार्चला संपतं म्हणून आपण फेब्रुवारीत "कम्युनिटी फीडबॅक" उरकायला जातो. तेव्हा गावात म्हातारेकोतारे आणि त्यांच्याकडे ठेवलेली लेकरं. मी स्वतः एकदा जानेवारीत गेले होते, पाराजवळ सात म्हातारे आणि एक शेळी, हजेरीपत्रकावर सात सह्या झाल्या आणि रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की निष्कर्ष समुदायाला सांगितले. एकतर मे महिन्यात जा, नाहीतर सरळ फडावर जा, म्हणजे ऊस तोडतात तिथे, त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर). पण फडावर मुकादम असतो, शिवाय बायका पहाटे तीन-चारला उठलेल्या असतात, संध्याकाळी मोळ्या भरून होईपर्यंत बोलायचं त्राण नसतं. म्हणून मी मे म्हणते.

मग जागा. मारुतीच्या पारावर मीटिंग ठेवली तर बायका खाली उन्हात उभ्या राहतात, कारण पारावर त्या चढत नाहीत, आणि ज्यांची पाळी चालूय त्या देवळाकडे फिरकतच नाहीत, आणि काही वस्त्यांतल्या बाया तर कुठल्याच दिवशी नाही. समाजमंदिरात ठेवली तर ते ज्या वस्तीत आहे तिथल्याच येतात. अंगणवाडी किंवा शाळेचा व्हरांडा त्यातल्या त्यात बरा. गाव मोठं असेल तर दोन वस्त्यांत दोन मीटिंगा घ्या, एकाच मोठ्या मीटिंगचा फोटो चांगला येतो पण बाकी काही येत नाही.

बोलवायला बचत गटाची सीआरपी (गटांचं काम बघणारी गावातलीच ताई) किंवा आशाताई गेली तर बायका येतात. पण आशाताईवर आधीच सतरा रजिस्टरं आहेत, फुकटात तिला पळवू नका.

महिला ग्रामसभेत सांगितलं तर चालेल ना?

चालेल, चांगलंही आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असं ग्रामपंचायत कायद्यातच आहे, त्यामुळे तिथे मांडलेलं प्रोसिडिंगला येऊ शकतं आणि नंतर मुख्य सभेत त्यावर बोलता येतं. रस्ता, पाणी, संडास, रेशन, रोजगार हमी असल्या निष्कर्षांना ही जागा एकदम योग्य.

पण डोळे उघडे ठेवून जा. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत पन्नास टक्के जागा महिलांच्या आहेत, तरी सरपंचबाई खुर्चीत आणि सरपंचपती शेजारी उभे राहून उत्तरं देतायत हे दृश्य संपलेलं नाहीये. आणि कित्येक ठिकाणी महिला सभा रजिस्टरवरच होते, शिपाई घरोघर सह्या घेऊन येतो. आधी ताईंना विचारा, मागची सभा खरंच झाली होती का. अंगाबाहेरच्या गोष्टी तिथे, अंगाच्या गोष्टी लहान बैठकीत, असा माझा ढोबळ नियम आहे.

बायका येतात, पण बोलत नाहीत. "सगळं चांगलं हाय" म्हणतात आणि उठतात.

तुम्ही खुर्चीवर बसलात का? माइक लावला होता का? पहिल्या रांगेत कोण होतं, सासवा का? सुना असलेल्या मीटिंगमध्ये सासू पुढे बसली की सुनेचा निष्कर्ष सासूच सांगते. वयाप्रमाणे दोन घोळके करा, गाजावाजा न करता, "ह्या इकडच्या भिंतीला, त्या तिकडच्या" असं सहज.

आणि "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "चांगलं वाटतं" एवढंच असतं. "आम्ही असं लिहिलंय, ह्यात खोटं काय लिहिलंय ते सांगा" असं विचारा. चूक काढायला सगळ्यांना आवडतं.

मग पुरुषांना वगळायचं का?

नाही. वगळलं की पुरुष दारात येऊन उभे राहतात आणि बैठकीचं काहीतरी गुपित होऊन बसतं. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या, पण बायकांच्या नंतर. बायकांच्या बैठकीत शेवटी विचारून घ्यायचं, "ह्यातलं तुमच्या मालकांना काय सांगू आणि काय नको?" त्या अगदी नेमकं सांगतात. एका गावात म्हणाल्या, पाण्याचं सांगा, संडासाचं सांगा, पाठदुखीचं सांगा, पण कोण दवाखान्यात एकटी गेली ते नका सांगू. झालं, आमचा पुरुषांचा अजेंडा तयार.

मुकादमाचं वेगळं आहे. त्याला बायकांच्या बैठकीत अजिबात बसू देऊ नका, मग तो कितीही "मी तर घरचाच" म्हणू दे. उचल त्याच्याकडून घेतलेली असते, त्याच्यासमोर खाड्याबद्दल कोण बोलणार? त्याला स्वतंत्र भेटा, त्याच्यापुढे फडावरच्या पाण्याचं आणि अंघोळीच्या आडोशाचं ठेवा. कुठल्या टोळीतून काय आलं ते नाही.

आकडे स्त्री-पुरुष वेगळे करून दाखवले. एवढं पुरे ना?

सुरुवात म्हणून ठीक. पण आधी बघा तुमचा मोजायचा एककच बाईला गिळत नाहीये ना.

ऊसतोडीत मजूर मोजतात कोयत्यात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्याला, टनाचा हिशोब कोयत्याला, पैसा नवऱ्याच्या हातात. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. आता तुमच्या टेबलमध्ये "५० कोयते, सरासरी उचल अमुक" असं असेल तर तिथे बाई आहे, पण दिसत नाही. स्त्री-पुरुष असा कॉलम केला तरी उचलीच्या रकान्यात काय भरणार, निम्मं निम्मं? ते खोटं होईल, कारण तिच्या हातात निम्मं येतच नाही. अशा वेळी आकडा फोडायचा नाही, वाक्य लिहायचं: उचल जोडीच्या नावानं, घेतली नवऱ्यानं, फेडायला कष्ट दोघांचे. हे वाक्य मी एकदा बैठकीत वाचलं तेव्हा मागून आवाज आला, "आन खाडा बाईचा." ते मग रिपोर्टात तसंच घातलं.

शिवाय "महिला" म्हणजे एकच गठ्ठा नसतो. नवऱ्याबरोबर जाणारी, विधवा म्हणून दिराच्या कोयत्यात जोडलेली, गावातच मागे राहून लेकरं सांभाळणारी, चौदा-पंधराव्या वर्षी लग्न लावून टोळीत नेलेली, ह्या चौघींचं एक सरासरी उत्तर काढलं तर ते चौघींपैकी कोणाचंच नसतं.

मथळा, सारांश, प्रेस नोट लिहिताना काय सांभाळायचं?

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे जवळपास सहात एक. हा निष्कर्ष जगापुढे येणं गरजेचंच होतं, त्याबद्दल वादच नाही. त्या गदारोळात खासगी दवाखान्यांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली, ते बातमी झाली म्हणूनच.

पण मथळे आठवा. गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव, अशा धाटणीचे. त्यानंतर काही वस्त्यांवर गेलं की बायका आधी हातात कॅमेरा आहे का ते बघायच्या. एकजण मला म्हणाली, "आमच्या पिशवीचं पेपरात आलं, आमच्या पाण्याचं कधी येणार?" (पिशवी म्हणजे गर्भाशय, गावात हाच शब्द आहे, तुम्ही बैठकीत "गर्भाशय शस्त्रक्रिया" म्हणालात की निम्म्यांना वाटतं दुसरंच काहीतरी चाललंय.)

मला त्यातून जे कळलं ते शाळेतलं व्याकरण आहे. वाक्यात कर्ता शोधा. "बायकांनी पिशव्या काढून घेतल्या" ह्या वाक्यात कर्ता कोण? बाई. म्हणजे तिनंच केलं, हौसेनं केलं, पाळीची कटकट नको म्हणून केलं. "पिशव्या काढल्या गेल्या" ह्यात कर्ता गायब, जणू आपोआप गळून पडल्या. आता असं लिहा: "अंगावरून जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली, खाड्याचा हिशोब डोक्यात होता, आणि पिशवी काढली." लांब झालं, मान्य. पण आता डॉक्टर दिसतो, मुकादम दिसतो, आणि बाई दोषी दिसत नाही. प्रेस नोटमध्ये ही लांबी परवडते, संपादक कापेल तेव्हा कापेल, आपण आपल्या हातानं कर्ता कापून द्यायचा नाही.

अजून एक. टक्केवारी शेजारी शेजारी ठेवताना वयोगट तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये पिशवी काढलेल्यांचं प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास येतं. ते आणि बीडचे जवळपास सतरा टक्के एका ग्राफमध्ये टाकायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण दोन्हीकडे वयोगट आणि निवड सारखी नसेल तर ती तुलना कच्ची, आणि कच्ची तुलना कोणीतरी खोडली की बायकांचं म्हणणंच खोटं ठरवलं जातं. आकड्यातली चूक आपली, आणि खोटारड्या ठरतात त्या.

नावं काढून टाकली की ओळख लपली, बरोबर ना?

चूक. आणि हे मला फार महागात शिकायला मिळालंय, म्हणजे मला नाही, दुसऱ्या बाईला.

तेव्हा मी एका संस्थेत होते. केस स्टडीमध्ये आम्ही बाईचं नाव काढलं, गावाचं नाव काढलं, आणि लिहिलं "शिलाई मशीन असलेली एक परित्यक्ता महिला, जिनं कर्जाची रक्कम माहेरी दिली". तालुक्याच्या मेळाव्यात ती पुस्तिका वाटली. शिलाई मशीन असलेली परित्यक्ता त्या गटात किती? एक. दुसऱ्या दिवशी दीर दारात. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तिनं चहा दिला, नेहमीसारखा, आणि म्हणाली, "ताई, ते तुला सांगितलं होतं, पुस्तकाला नव्हतं सांगितलं." मी काय बोलणार. संस्थेत त्यावर मीटिंग झाली, "प्रोटोकॉल मजबूत करू" असं मिनिट्समध्ये आलं, आणि पुढची पुस्तिका त्याच डिझाइनमध्ये निघाली.

तेव्हापासून माझे नियम असे. गटात दहापेक्षा कमी जणी असतील तर तो आकडा वेगळा दाखवत नाही, वरच्या पातळीला मिसळून टाकते, गावाचा तालुक्यात, तालुक्याचा जिल्ह्यात. वजाबाकी करून बघते, कारण "२० पैकी १९ जणींनी हो सांगितलं" म्हटलं की विसावी कोण ह्याचा शोध त्याच संध्याकाळी लागतो. केस स्टडीमध्ये दोन-तीन जणींच्या गोष्टी एकत्र करते आणि तसं स्पष्ट लिहिते. आणि छापायच्या आधी तिला वाचून दाखवते. सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही, सर्व्हेच्या दिवशीची सही सर्व्हेला असते, पुस्तिकेला नाही.

मारहाण, जबरदस्ती असलं काही निघालं तर?

गावाच्या पातळीवर सांगायचं नाही. विषय संपला.

थोडं कारण देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही आडोसा असेल तरच, जेणेकरून घरात दुसऱ्या कोणाला कळू नये काय विचारलं. त्याच पाहणीत दिसतं की हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कोणाकडे मदत मागितली. बाकीच्या गप्प आहेत, त्यांची कारणं त्यांना माहिती. आता विचारताना एवढी काळजी घ्यायची आणि सांगताना पारावर "आपल्या गावात तीनात एक बाई मार खाते" असं जाहीर करायचं? त्या रात्री प्रत्येक घरात एकच प्रश्न असेल, तू काय सांगितलंस त्यांना?

हे आकडे जिल्ह्याच्या वर न्या, महिला आयोग, आरोग्य विभाग, तिथे मांडा. गावात मात्र सगळ्या बायकांना, कोणालाही न निवडता, महिलांची १८१ हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याबद्दल सांगा. सगळ्यांना सांगितलं की कोणावर बोट जात नाही. बलात्काराचं प्रकरण असेल तर पीडितेची ओळख छापणं हा गुन्हाच आहे, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. मूल असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा). "आमचा तर रिसर्च आहे" हे तिथे चालत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना पोचतं, मग एवढी धावपळ कशाला?

ग्रुपमध्ये नाव ताईचं आणि डीपीला दाजींचा फोटो, हे तुम्ही पाहिलंय ना? २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत देशात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका साधारण ५४ टक्के निघाल्या, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के, पुरुषांत हेच ५७. आता आकडे वाढले असतील, पण फोन हातात असणं आणि फोन आपला असणं ह्यात फरक राहतोच. व्हॉइस नोट तर अजून वाईट, ती घरात स्पीकरवर वाजते.

व्हॉट्सॲपवर बैठकीची तारीख, वेळ, जागा टाका, पाण्याच्या टाकीचे निष्कर्ष टाका. पाळी, पिशवी, पैसा, नवरा ह्यातलं काही टाकू नका.

वाचता न येणाऱ्या बायकांना ग्राफ कसे समजवायचे?

मी एकदा चार्ट पेपरवर मोठा रंगीत पाय-चार्ट काढून नेला. बराच वेळ शांतता. मग एक आजी म्हणाल्या, "ही भाकर अशी का फाडलीय गं?" सगळा व्हरांडा हसला, मीही हसले, पण खरं तर त्यांनी मला पद्धतच दिली. आपल्याकडे भाकरीचे भाग पिढ्यान्‌पिढ्या मोजतात, चतकोर म्हणजे पाव, अर्धी म्हणजे अर्धी, नितकोर म्हणजे त्याहून बारका तुकडा. पंचवीस टक्क्याला चतकोर म्हटलं की पुढचं काही समजवावं लागत नाही.

बीडचा तो सहात एक सांगायला मी जमिनीवर सहा कोयते मांडले होते, एक उलटा ठेवला. कोणी काही बोललं नाही, एकीनं उठून तो उलटा कोयता सरळ केला आणि परत जागेवर जाऊन बसली. मी पुढचा निष्कर्ष सांगायला दोनेक मिनिटं थांबले. बायकांनाच उभं करून "सहातली एक बसा" असं कधी करू नका हं, ट्रेनिंगमध्ये असले खेळ शिकवतात, पण कोण बसली ते गाव लक्षात ठेवतं.

ज्वारीचे दाणे, बांगड्या, खडे, काहीही चालतं. भाषा तिथली वापरा. बीड सोडून खानदेशात गेलात तर अहिराणीत बोलणारी ताई सोबत न्या, मेळघाटात कोरकू. तुमची प्रमाण मराठी ऐकून त्या नुसत्या मान डोलावतात.

निष्कर्ष आपल्याच कार्यक्रमाच्या विरोधात असेल तर? म्हणजे बायकांचं काम वाढलंय वगैरे?

तर तोच आधी सांगा. बचत गटांच्या बाबतीत हे सारखं निघतं की कर्ज गटातून बाईच्या नावावर, वापर नवऱ्याचा, मोटारसायकल नाहीतर बोअर, आणि हप्त्यासाठी खुरपायला जाते ती. हप्ता बाईचा, पैसा बाप्याचा. रिपोर्टात मात्र हे येतं "कर्जाचा उद्दिष्टबाह्य वापर" म्हणून. हा शब्द बँकेच्या माणसानं वाचला की पुढच्या वेळी गटाचं ग्रेडिंग पडतं, म्हणजे शिक्षा परत बाईलाच. मी लिहिते, "कर्ज कशाला वापरायचं हे ठरवताना बाईचं मत किती चाललं". विषय तोच, बोट वेगळीकडे.

संस्थेतले वरिष्ठ म्हणतील हे डोनरपुढे कशाला. त्यांना सांगा, गावात सगळ्यांना माहितीये, फक्त डोनरलाच माहिती नाहीये.

स्त्री आणि पुरुष सोडून बाकीच्यांचं?

२०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिसरा पर्याय फॉर्मवर आला, चांगलं झालं. पण एका गावात तृतीयपंथी व्यक्ती एक किंवा दोन असते. वरचा दहाचा नियम इथे सगळ्यात जास्त लागू. "इतर: १" असा रकाना छापू नका, राज्यपातळीवर मिसळा, आणि त्यांचे प्रश्न त्यांच्या संघटनांसोबत बसून वेगळे मांडा.

फोटो?

पाठमोरे, हातांचे, कोयत्यांचे, जागेचे. चेहरा हवा असेल तर तिला मोबाइलवर दाखवून, कुठे छापणार ते सांगून. रडणाऱ्या बाईचा फोटो मी घेत नाही.

बायका शेवटी विचारतात, "मग आता पुढं काय?" तेव्हा काय सांगायचं?

खरं ते. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. मी सांगते की हा कागद अमुक अधिकाऱ्याकडे जाणार, तो वाचेल की नाही मला माहिती नाही, पण तुमच्याकडे ह्याची एक प्रत राहील आणि महिला सभेत तुम्ही ती काढू शकता. प्रत म्हणजे एक पान, मोठ्या अक्षरात, फक्त सार्वजनिक निष्कर्ष. ती गटाच्या पेटीत राहते, प्रोसिडिंग वहीसोबत. कोणा एकीच्या घरी नाही.

आश्वासन देऊ नका. गेल्या वेळच्या टीमनं काय काय सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात असतं, तारखेसकट.

ह्या सगळ्याला बजेट कुठून आणायचं?

प्रपोजल लिहितानाच घाला, मूल्यमापनाच्या खर्चातच "निष्कर्ष परत नेणे" अशी वेगळी ओळ. त्यात घालायचं ते हे: बोलवायला फिरणाऱ्या ताईचं मानधन, लेकरं सांभाळायला एक मावशी, चहा आणि काहीतरी खायला (बिस्कीट नको, पोहे करा, दुपारी भूक लागलेली असते), मोठ्या अक्षरातल्या प्रिंट, दोन वेळा जायचा प्रवास. ज्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते त्यांना ती द्यायची की नाही ह्यावर संस्थांमध्ये वाद आहेत, मी द्यावी ह्या बाजूची आहे. आपल्याला त्या दिवसाचा डीए (दैनिक भत्ता) मिळतो, मग तिला का नाही. आणि रात्रीची बैठक असेल तर लांबच्या वस्तीवरच्या बायकांना सोडायला टमटमवाल्याला आधीच पैसे देऊन ठेवा, सातनंतर तो फोन उचलत नाही.